रात्रपाळीचे दोघे

सबमिशनच्या आदल्या रात्री जागताना आपले डोळे चुरचुरतात. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात मात्र दोघांची रोजच नाईट शिफ्ट! एक बोट-बिल्ड बगळा, दुसरं जेमतेम किलोभराचं आऊल मंकी. दोघांचे डोळे भलेमोठे. कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर वाढवलं की प्रकाश जास्त येतो, तसंच हे. बगळ्याची चोच उलट्या होडीसारखी रुंद. अंधारात नेम थोडा हुकला तरी बहुधा मासा सुटत नाही. आपल्या भाषेत, टॉलरन्स जास्त.

माकडाची गोष्ट अवघड. त्याचे पूर्वज दिवसा वावरायचे, त्यामुळे मांजराच्या डोळ्यात असतो तो चमकणारा आरसा याच्याकडे नाही. मग काय, डोळाच मोठा केला! बदल्यात रंग ओळखणं गेलं. पिकलेलं फळ शोधायला आता नाकाचीही मदत लागते.