साखर वाढली की रक्ताच्या गुठळ्या का होतात?



आता प्रत्येक गटात 'मला शुगर आहे' म्हणणारी एक तरी ताई असतेच. गोळी चालू असते, गोड कमी केलेलं असतं, पायाला जखम होऊ द्यायची नाही हेही माहीत असतं. पण शुगरचा मोठा घाला हृदयावर पडतो, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. आणि ही वाढ पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसते.

असं का होतं?

विळ्याने बोट कापलं तर थोड्या वेळात रक्त थांबतं. डेंग्यूत डॉक्टर 'पेशी कमी झाल्या' म्हणतात ना, त्याच प्लेटलेट पेशी जखमेवर येऊन चिकटतात. मग रक्तातल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनापासून बारीक धाग्यांचं जाळं तयार होतं आणि गुठळी पक्की बसते. जखम भरली की शरीर ती गुठळी हळूहळू विरघळवतं.

मधुमेहात हा तोल बिघडतो. प्लेटलेट जास्त चिकट होतात. फायब्रिनोजेन वाढतं. गुठळी विरघळवण्याच्या कामाला ब्रेक लावणारा पीएआय-१ नावाचा घटकही वाढतो. पोटाचा घेर मोठा असेल तर आणखी. म्हणजे गुठळी लवकर होते आणि उशिरा विरघळते. त्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलेला असतो. तो थर फुटला की शरीराला वाटतं जखमच झाली. तिथे गुठळी धरते, ठिबकची नळी चोंदावी तसा रक्ताचा रस्ता बंद होतो आणि झटका येतो.

मग गुठळीची तपासणी करून घ्यायची का?

सरसकट नाही. फायब्रिनोजेन किंवा कोरोनात ऐकलेली डी-डायमर ही तपासणी साध्या आजारपणात, सूज असताना, गरोदरपणातही वाढलेली दिसते. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर महागड्या 'पॅकेज'साठी गटातून कर्ज काढू नका. आधी या साध्या तपासण्या करा:

• तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी). बहुतेकांची ७ च्या आत हवी.
• रक्तदाब. १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर उपचार हवेतच.
• कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं प्रथिन, वर्षातून एकदा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा.

रक्त पातळ करणारी गोळी?

शेजारणीला चालू आहे म्हणून आपणही ॲस्पिरिन घ्यायची, असं करू नका. ब्रिटनमध्ये हृदयविकार नसलेल्या १५ हजारांवर मधुमेही लोकांचा सुमारे सात वर्षं अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या हजार जणांमागे साधारण ११ जणांचा झटका किंवा लकवा टळला, पण ९ जणांना मोठा रक्तस्राव जास्त झाला. म्हणून ही गोळी कोणाला द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. मात्र ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांनी ती आपल्या मनाने बंद करायची नाही.

'पित्त झालं असेल' म्हणून झोपू नका

मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे झटक्यात छाती दुखेलच असं नाही. अचानक दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, कधी नव्हे इतका थकवा, ही लक्षणं ओळखा. सोडा पिऊन वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा. घरचं आवरून मग जाऊ, असं तर मुळीच नको.

आपल्या हातात काय आहे?

मिशरी आणि तंबाखू सोडणं, ताटात भाकरी-भाताबरोबर डाळ आणि भाजी वाढवणं, रोज अर्धा तास झपझप चालणं, आणि बरं वाटलं तरी गोळ्या न चुकवणं. साखर, दाब आणि चरबी ताब्यात राहिली की झटक्याचा धोकाही कमी होतो.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करताना प्रत्येकीला एवढंच विचारा: 'तुझी साखर आणि बीपी शेवटचं कधी तपासलं?' जिला आठवत नसेल, तिला सोबत घेऊन त्याच आठवड्यात केंद्रात जा.