चौकोन दुप्पट, माया तेवढीच!

अमेरिकेत किंग साइझची गादी ७६ बाय ८० इंचांची. दोन्ही बाजूंना आणि पायाशी फूटफूटभर लोंबायला हवं, तर क्विल्ट, म्हणजे तुकड्यांची गोधडी, लागतं १०० बाय ९२ इंचांचं. नमुने मात्र बहुतेक १२ इंची ब्लॉकचे, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या चौकोनांचे. मग काय, ब्लॉक मोठा करायचा! आणि इथून पुढे गणिताची खरी गंमत.

समजा, क्विल्ट ९६ इंच चौरस आहे. १२ इंची ब्लॉक लागतील ६४. तेच १६ इंची केले तर ३६, आणि २४ इंची केले तर फक्त १६! नक्षी तीच, शिवायचे ब्लॉक चौथाईवर.

पण सगळंच दुप्पट करायचं नसतं. क्विल्टमध्ये प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, ठेवतात आणि ब्लॉक कितीही वाढला, तरी माया पाव इंचच राहते. ‘नाइन पॅच’ घ्या: नऊ चौकोनांचा, १२ इंची. शिवल्यावर प्रत्येक चौकोन ४ इंच, म्हणून कापायचा साडेचार. ब्लॉक २४ इंची हवा, तर तुकडा कापायचा साडेआठ इंच, नऊ नव्हे. नऊ कापलात, तर एका ओळीत दीड इंच जादा, आणि चार ब्लॉकांच्या रांगेत चक्क सहा इंच! झेरॉक्सवर नमुना २०० टक्के केला, तर मायासुद्धा फुगून अर्धा इंच होते. म्हणून आधी माया वगळायची, आकार वाढवायचा आणि मग ताजी पाव इंच जोडायची.

दोन त्रिकोण जोडून चौकोन करायचा असेल, तर त्याच्या तयार मापात सात अष्टमांश इंच मिळवून चौरस कापायचा आणि तो कर्णावर चिरायचा. ब्लॉक ६ इंची असो की २० इंची, हे सात अष्टमांश बदलत नाहीत. मला या साऱ्या खटाटोपात हाच नियम सर्वांत देखणा वाटतो.

काही नमुन्यांना ठरावीक मापंच मानवतात. ‘बेअर्स पॉ’, म्हणजे अस्वलाचा पंजा, सात बाय सात घरांवर बसतो. १२ इंचांत तो बसवू गेलात, तर अपूर्णांकांनी डोकं फिरेल. १४ इंची करा, की प्रत्येक घर बरोब्बर २ इंचांचं.

मुळात ब्लॉक न वाढवताही पलंग झाकता येतो. १२ इंची ब्लॉक तिरका, टोकावर उभा करा. कर्णामुळे तो सुमारे १७ इंच रुंदी व्यापतो. असे पाच शेजारीशेजारी लावले, की ८५ इंच झाले!

‘लॉग कॅबिन’ नमुन्याला तर हिशेबही नको. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत सुटायचं, पुरेसं मोठं झालं की थांबायचं. अलाबामातल्या जीज् बेंडच्या कृष्णवर्णीय बायका ‘हाउसटॉप’ नमुना असाच वाढवतात, कधीकधी अख्खं क्विल्ट म्हणजे एकच ब्लॉक! २००६ साली त्यांच्या क्विल्टांवर अमेरिकी टपाल खात्याने दहा तिकिटं काढली.

आणि कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, याच्या नेमकी उलट चालते. आधी जुनी साडी अंथरून माप पक्कं करायचं, मग एका कोपऱ्यापासून कडेकडेने तुकडे जोडत मध्याकडे यायचं. तिथे ब्लॉक वाढवायचा प्रश्नच येत नाही.