मिलिमीटरभर फट आणि गाडीचे ब्रेक

वीस-पंचवीस वर्षे जुनी एक मोटार सिग्नलपाशी थांबायला आली आहे. वेग माणसाच्या धावण्याइतकाच उरला आहे. रस्ता कोरडा आहे आणि चालकाने ब्रेक हलकेच दाबला आहे. तोच पेडल पायाखाली थरथरू लागते आणि गाडी अपेक्षेपेक्षा दोन-चार हात पुढे जाऊन थांबते. ब्रेक तपासले तर ते ठणठणीत! मग दोष कोठे आहे? अशा वेळी चाकाजवळ बसवलेल्या अंगठ्याएवढ्या एका संवेदकाचा संशय आधी घ्यावा लागतो. तो कसे काम करतो हे कळायला दहावीपर्यंतचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

जोरात ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचे थांबून नुसते घसरू लागले, तर स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नाही. हे टाळणारी यंत्रणा म्हणजे एबीएस. १९७८ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीज-बेंझच्या गाडीत बसवली गेली. भारतात नव्या मोटारींना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. एखादे चाक इतरांच्या मानाने एकाएकी मंदावले, की ही यंत्रणा त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर कमी करते आणि पुन्हा वाढवते. त्यासाठी प्रत्येक चाकाचा वेग तिला सतत कळावा लागतो.

जुन्या गाड्यांतील संवेदकाची रचना साधी असते. एक कायमचा चुंबक, त्याला जोडलेला लोखंडी गाभा आणि गाभ्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. गाभ्याच्या टोकासमोर, चाकाबरोबर फिरणारे एक दातेरी लोखंडी कडे असते. दात समोर आला की वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषा वाढतात, खाच समोर आली की कमी होतात. बलरेषा बदलल्या की वेटोळ्यात विभवांतर निर्माण होते, हे फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. आपल्या संवेदकात तेच घडते. त्याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही.

आता थोडे गणित करू. समजा, चाकाचा परीघ १.९२ मीटर आहे आणि कड्याला ४८ दात आहेत. म्हणजे दर ४ सेंटिमीटर अंतराला एक दात पुढे सरकतो. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला १० मीटर वेग असेल, तर सेकंदाला २५० दात समोरून जातील. म्हणून वारंवारता २५० हर्ट्झ. वेग एक दशांश झाला तर वारंवारता २५ हर्ट्झ होईल. परंतु त्याच वेळी विभवांतरही घटते, कारण ते बलरेषा किती झपाट्याने बदलतात यावर अवलंबून असते. गाडी अगदी हळू चालली की संदेश इतका क्षीण होतो की तो ओळखताच येत नाही.

विभवांतर आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते. ती म्हणजे संवेदक आणि दात यांमधील फट. ही साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. ती थोडी वाढली तरी संदेश बराच क्षीण होतो. समजा, तीन चाकांचे संदेश ताशी ५ किलोमीटरपर्यंत ओळखू येतात, पण चौथ्याचा मात्र १० लाच नाहीसा होतो. यंत्रणेला वाटते, तीन चाके फिरत आहेत आणि चौथे अडकले आहे. ती ताबडतोब त्या चाकाचा ब्रेक सैल करते. थरथरणाऱ्या पेडलचे कोडे येथे सुटते.

फट वाढते कशी? संवेदक ज्या लोखंडी भागावर बसतो त्याला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो संवेदकाला हळूहळू वर उचलतो. २००५ साली जनरल मोटर्सने अमेरिकेतील सुमारे आठ लाख पिकअप ट्रक व तत्सम गाड्या नेमक्या याच कारणासाठी दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. तेथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे ते मीठ नसले तरी कोकणातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा गंजायला पुरेसे आहेत. म्हणूनच गंज न काढता नुसता नवा संवेदक बसवला, तर पैसे जातात आणि दोष राहतो.

प्रथम निदान करावे. इग्निशन बंद करून संवेदकाचा जोड सोडवावा आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. तो सहसा हजार-दोन हजार ओहमच्या आसपास असतो. दुसऱ्या बाजूच्या चांगल्या संवेदकाशी तुलना करणे उत्तम. रोध अनंत दिसला तर तार तुटली आहे, शून्याजवळ असेल तर शॉर्ट झाले आहे. रोध ठीक असेल, तर चाक उचलून हाताने फिरवावे आणि एसी विभवांतर पाहावे. व्होल्टचे काही दशांश दिसायला हवेत. रोध ठीक पण विभवांतर कमी, याचा अर्थ फट वाढली आहे किंवा कड्याचे दात खराब झाले आहेत. नंतरच्या गाड्यांतील संवेदकांना मात्र बाहेरून वीज लागते. त्यांना ही रोधाची चाचणी लावू नये.

बदलताना गाडी सपाट, टणक जागी उभी करावी, इतर चाकांना उटी लावावी आणि गाडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही हात घालू नये. चाक काढून बोल्ट सोडवावा. संवेदक अडकला असेल तर गंज सोडवणारे तेल सोडून थोडे थांबावे आणि हळूहळू फिरवून तो काढावा. बसण्याची जागा घासून चकचकीत करावी. घासताना पडलेला लोखंडाचा कीस आत राहू देऊ नये, कारण चुंबक तो ओढून घेतो. नवी तार जुन्या वाटेनेच न्यावी, नाहीतर स्टिअरिंग वळवताना ती ताणून तुटते. शेवटी पुन्हा विभवांतर पाहावे, आणि मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक लावून खात्री करावी. ब्रेकचे काम असल्यामुळे जाणकार मेकॅनिक सोबत हवाच.

शाळेत याची प्रतिकृती सहज करता येते. लोखंडी बोल्टवर इनॅमलच्या बारीक तारेचे काहीशे वेढे गुंडाळा आणि बोल्टच्या डोक्याला चुंबक चिकटवा. सायकल उलटी ठेवून बोल्टचे टोक पेडलच्या दातेरी चक्राजवळ धरा. चक्र लोखंडी आहे ना, हे चुंबक लावून आधी पाहा. वेटोळ्याची टोके मल्टिमीटरला जोडून मिलिव्होल्ट वाचा. वेग तोच ठेवून फट एक, दोन, तीन मिलिमीटर करत आलेख काढायला विद्यार्थ्यांना सांगा. मग त्यांना विचारा: गाडी पूर्ण थांबली आहे, हे या संवेदकाला कधी तरी कळू शकेल का?