अश्व गेला, घोडा राहिला

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात घोडेगाव लागते. जनावरांचा बाजार आणि कांद्याची मोठी उलाढाल यांमुळे हे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. उद्या या गावाला कोणी ‘अश्वग्राम’ म्हणू लागले, तर बाजारातला शेतकरी हसेल आणि त्याचे ते हसणे योग्यच ठरेल. ‘अश्व’ हा शब्द वेदांइतका प्राचीन, ‘घोडा’ त्या मानाने पुष्कळच अलीकडचा; तरीही मराठी माणसाच्या तोंडी बसला तो घोडाच. असे का व्हावे, याचे उत्तर केवळ मराठीकडे पाहून मिळत नाही. कारण हीच कथा युरोपातही घडलेली आहे.

संस्कृतातला ‘अश्व’, अवेस्ता ग्रंथाच्या भाषेतला ‘अस्प’, लॅटिनमधला ‘एक्वुस’ आणि प्राचीन ग्रीकमधला ‘हिप्पोस’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. जुन्या लिथुएनियन भाषेत तर घोडीला ‘अश्वा’ असेच म्हणत. गंगेपासून बाल्टिक समुद्रापर्यंत पसरलेले असे हे कुलीन घराणे. पण आज युरोपातल्या बहुतेक बोलत्या भाषांत त्याचा दिवा विझलेला दिसतो.

रोमन लोकांजवळ घोड्यासाठी दोन शब्द होते. काव्यात आणि सैन्याच्या वर्णनात मिरवणारा ‘एक्वुस’ हा एक. आणि ओझी वाहणाऱ्या, झिजलेल्या तट्टासाठी वापरला जाणारा ‘काबाल्लुस’ हा दुसरा. रोमन साम्राज्य लयाला गेले, तेव्हा लोकांच्या तोंडी उरला तो तट्टाचा शब्द. फ्रेंचांचा ‘शव्हाल’, इटालियनांचा ‘कावाल्लो’, स्पॅनिशांचा ‘काबाल्यो’ हे सारे त्याचेच वारस. स्पॅनिशमधली ‘येग्वा’ आणि पोर्तुगीजमधली ‘एग्वा’ या घोडीच्या नावांत मात्र जुना ‘एक्वुस’ अजून तग धरून आहे. गंमत अशी की, ज्या शब्दाचा अर्थ एकेकाळी मरतुकडे तट्टू असा होता, त्याच्यापासूनच पुढे ‘काबाल्येरो’ म्हणजे सभ्य गृहस्थ हा स्पॅनिश शब्द तयार झाला.

इतरत्रही फारसे वेगळे घडले नाही. जर्मनांचा ‘प्फेर्त’ हा लॅटिनमधल्या टपालाच्या जादा घोड्याच्या नावावरून आला आहे. रशियनांचा ‘लोशाद’ तुर्की भाषांकडून आलेला. ग्रीकांनी तर ‘हिप्पोस’ सोडून ‘आलोगो’ हा शब्द स्वीकारला. त्याचा मूळ अर्थ वाणी अथवा विवेक नसलेला प्राणी. जुना ‘हिप्पोस’ इंग्रजीने घेतलेल्या ‘हिप्पोपोटॅमस’मध्ये शिल्लक आहे. त्याचा अर्थ नदीतला घोडा. मराठी त्याच प्राण्याला पाणघोडा म्हणते.

शब्दांचे नशीब कसे पालटते, हे बुद्धिबळाच्या पटावरही दिसते. आपला घोडा तेथे इंग्रजीत ‘नाइट’ होतो. हा शब्द मुळात पोऱ्या किंवा चाकर या अर्थाचा. त्याचा जर्मन भाऊबंद ‘क्नेख्ट’ म्हणजे नोकर किंवा शेतगडी. एकाच घरचे दोघे. एक सरदार झाला, दुसरा गोठ्यातच राहिला.

आता मराठीकडे वळू. ‘घोडा’ हा प्राकृताच्या वाटेने ‘घोटक’ या शब्दापासून आला. हा ‘घोटक’ संस्कृतात उशिरा दिसू लागतो, आणि तो द्राविडी भाषांतून आला असावा, असे अनेक भाषापंडितांचे मत आहे. तमिळमधला ‘कुदिरै’ आणि कन्नडमधला ‘कुदुरे’ ते त्याच्या शेजारी ठेवतात. म्हणजे ‘घोडा’ हा बहुधा बाहेरून आलेला पाहुणा. पण घरची कामे त्यानेच अंगावर घेतली. ‘अश्व’ अश्वमेधात, अश्वारूढ पुतळ्यात आणि यंत्राच्या अश्वशक्तीत राहिला. कचेरीत नाचतात ते कागदी घोडे. काम खोळंबते तेव्हा घोडे अडते, आणि उशिरा सुचलेले शहाणपण हे वरातीमागून आलेले घोडे ठरते. बंदुकीलाही घोडाच असतो. फ्रेंच बंदुकीत त्या जागी कुत्रा असतो, तर जर्मन बंदुकीत कोंबडा. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. फ्रेंच लोक व्हायोलिनच्या त्याच भागाला ‘शव्हाले’, म्हणजे लहान घोडा म्हणतात. एकाने दुसऱ्याचे पाहून ठेवलेली ही नावे नव्हेत. भार पाठीवर घेणारा म्हणजे घोडा, हे दोन्हीकडच्या कारागिरांना आपापले सुचले.

आणि तरीही ‘अश्व’ अगदीच नाहीसा झाला, असे म्हणता येणार नाही. ‘घोडेस्वार’ या शब्दातला ‘स्वार’ फारसीतून आला. त्याचे प्राचीन इराणी रूप ‘असबार’, म्हणजे घोड्याने वाहून नेलेला. त्यातला ‘अस’ म्हणजे आपला ‘अश्व’च. घोडेस्वाराच्या पोटात असे दोन घोडे आहेत, एक घाटाखालून दिसणारा आणि एक इराणातून लपून आलेला.

हा सारा इतिहास केवळ कुतूहलाचा विषय नाही. आपल्या शाळांत आजही मुलाने घरचा, शेताचा, गोठ्याचा शब्द वहीत लिहिला की त्याखाली लाल रेघ ओढली जाते आणि त्याच्या जागी एखादा संस्कृत शब्द ‘शुद्ध’ म्हणून सुचविला जातो. कचेऱ्यांतील पत्रांचीही हीच तऱ्हा. परिणाम असा की, ज्या मुलाचे घर त्या शब्दांनी भरलेले आहे, त्याला आपले घरच अशुद्ध वाटू लागते. प्रमाण भाषा शिकविणे हे शाळेचे काम आहेच, आणि ‘अश्व’ शब्दाची ओळखही मुलाला अवश्य व्हावी. परंतु नवा शब्द देताना जुन्याचा अपमान करण्याचे कारण नाही. ज्या शब्दाखाली आज लाल रेघ पडते, तोच उद्याचा ‘काबाल्येरो’ नसेल कशावरून?

घोडेगाव ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या नेवाशाला प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेचा अर्थ संस्कृतातच राहावा, असे मानणाऱ्या काळात ज्ञानदेवांनी तो लोकांच्या बोलीवर सोपविला, आणि त्या बोलीने तो भार सातशेहून अधिक वर्षे वाहून आणला आहे. शब्दाचे कूळ पाहणाऱ्यांनी त्याची पाठही पाहावी. घोडेगावच्या बाजारात जनावर पारखणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही.