मामाचा टेम्पो आणि थंड इंजिन

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र अस्सल आपल्या भागातला आहे.

बदलापूरला राहणारा माझा मामा अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला होता. कारखाना बंद पडला आणि हातात आले फक्त फंडाचे पैसे. "सेकंडहँड पिकअप घेतो, उल्हासनगरचं फर्निचर पोचवीन. तू मेकॅनिकलची ना? चल बरोबर." झालं! थर्मल जेमतेम सुटलेली मी एकदम तज्ज्ञ!

पहिली डिझेल गाडी चकाचक. नवा रंग, नवी सीटकव्हरं, सेल मारताच सुरू. मामाने खूश होऊन ५ हजार टोकन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता गेलो, तर तीच गाडी सुरू होईना. झाली तेव्हा मागे निळा धूर! आदल्या दिवशी आम्ही पोचायच्या आत ती तापवून ठेवली होती. सौदा मोडला, टोकन बुडालं. मामी म्हणाली, "५ हजारांत शिकलात, स्वस्तात सुटलात."

थंड इंजिनच का?
डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब गळतो आणि थंड इंजिन पेटायला कुरकुरतं. तापल्यावर हे दुखणं झाकलं जातं. म्हणून गाडी सकाळी, थंड असतानाच बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर जातच नसेल तर डिझेल नीट पेटत नाही किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. कधी नुसता एअर फिल्टर चोक असतो. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. भकाभका वाफ आली तर मेकॅनिक म्हणतात, "बॅक कॉम्प्रेशन आहे". म्हणजे इंजिनाचं काम निघालं.

कुठलं इंजिन?
आधी माल बघा. २००५ साली आलेल्या टाटा एसचं, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचं, डिझेल इंजिन ७०२ सीसी, दोन सिलिंडरचं. गल्लीबोळात मस्त, पण अंबरनाथचे लोखंडी पार्ट भरून रोज घाट चढायचा तर बोलेरो पिकअपसारखं अडीच लिटरचं डिझेल हवं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला लांब, सलग फेरी लागते. नुसत्या छोट्या फेऱ्या मारल्या तर चोक होतो. फर्निचर जागा खातं, पण वजन कमी, अंतरही थोडं. तिथे सीएनजी परवडतो. मात्र सिलिंडरची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय का ते विचारा.

भाव कसा काढायचा?
त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या तीन-चार गाड्यांचे भाव काढा. त्यातून टायर, बॅटरी, इंजिनाचं काम, इन्शुरन्स आणि पासिंगचा खर्च वजा करा. समजा बाजारभाव ३ लाख आणि खर्च ७० हजार, तर तुमच्यासाठी ती गाडी २ लाख ३० हजारांचीच. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा पेडलचं झिजलेलं रबर खरं बोलतं. खाली वाकून चासीला वेल्डिंग आहे का, पाटे बसलेत का तेही बघा.

आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे पूर. २६ जुलै २००५ कोण विसरेल? २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. म्हणून मॅट उचला, सीटखाली वाळका गाळ आणि वायरिंगच्या जोडांवर गंज शोधा. बुडालेली गाडी कितीही स्वस्त असली तरी नको!

शेवटी कागद. चासी नंबर आरसीशी जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली चलनं आधी भरून घ्या.

महिनाभर फिरून मामाने सीएनजी गाडी घेतली, तीही दाखवलेल्या भावापेक्षा कमीत. रंग उडालेला, पण सकाळी एका सेलला सुरू! आणि मला आता व्हायव्हात कॉम्प्रेशन इग्निशन विचारलं ना, तर आधी मामाचे ५ हजार आठवतात. उत्तर चुकायची सोयच नाही.