एकाच डोळ्यात काचबिंदू आणि मोतीबिंदू

पेन्शनच्या तारखेला आमच्या काउंटरवर येणाऱ्या वृद्ध मंडळींपैकी कित्येकांची सही नजरेमुळे चुकते. विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, "मोतीबिंदू आहे साहेब, पिकला की काढू." ही समजूत जुनी आहे आणि काही डोळ्यांच्या बाबतीत घातकही आहे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. हे दोन्ही विकार एकाच डोळ्यात असले म्हणजे काय करतात, हे आमच्या आईच्या आजारात आम्हास शिकावे लागले.

डोळ्याच्या आत पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. तो बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येतो. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा आणि समोरचे पारदर्शक पटल जेथे मिळतात, त्या कोनात बारीक चाळणी असते. तिच्यातून द्रवाचा निचरा होतो व डोळ्यातील दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर राहतो. बाहुलीमागचे भिंग मात्र वयाबरोबर जाड होत जाते. मुळात लहान असलेल्या डोळ्यात, म्हणजे बहुधा अधिक नंबरचा चष्मा असणाऱ्यांत, हे फुगलेले भिंग पडद्याला पुढे ढकलते आणि कोन बंद होतो. मोरीच्या जाळीवर फडके पडावे तसा हा प्रकार आहे. दाब वाढतो व मागची नस सुकू लागते. स्त्रियांत हा प्रकार अधिक आढळतो.

आमच्या आईस दिवेलागणीच्या वेळी एकाएकी निम्मे डोके दुखू लागले, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. आम्ही दोन दिवस पित्ताच्या गोळ्या दिल्या! पदवी आमच्याकडे होती, पण डोळा लाल झाला आहे हे शेजारच्या काकूंनी दाखविले. तपासणीत दाब ५२ निघाला. शिरेतून औषध, गोळ्या व थेंब देऊन तो उतरविला आणि मग लेसरने पडद्याला बारीक छिद्र पाडले. तरीही तीन प्रकारचे थेंब घालून दाब २८ राही. कोन बराचसा चिकटून गेला होता आणि मोतीबिंदूही वाढला होता.

येथे डॉक्टरांपुढे प्रश्न असतो की, नुसते भिंग काढावे की निचऱ्याची नवी वाटही करावी? नुसते भिंग काढले तरी पुढचा कप्पा खोल होतो व पुष्कळदा दाब उतरतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'ईगल' अभ्यासात ४१९ रुग्ण होते, सर्व पन्नाशीचे वा त्यापुढचे आणि मोतीबिंदू नसलेले. तेथेही लेसरपेक्षा भिंग काढणे सरस ठरले. म्हणजे या काचबिंदूत भिंग हेच बरेचदा मूळ कारण असते.

कोन फार चिकटला असेल, थेंबांनी दाब आवरत नसेल, तर जोडशस्त्रक्रियेचा विचार होतो. एकाच बैठकीत ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात, कृत्रिम भिंग बसवितात आणि वरच्या पापणीखाली पांढऱ्या भागात झडपेसारखी वाट करतात. द्रव त्या वाटेने पातळ त्वचेखाली झिरपतो. चुरा करण्याची पद्धत केलमन यांनी १९६७ साली आणली. झडपेची पद्धत केर्न्स यांनी १९६८ साली मांडली. जोडशस्त्रक्रियेने थेंब कमी लागतात व दुसरी खेप वाचते. सोबतच्या माणसाची रजा आणि एस.टी.चे भाडे मोजणाऱ्याला हे लहान वाटणार नाही. पण गुंतागुंतही अधिक असते. वाट फार मोकळी झाली तर डोळा मऊ पडतो, व्रण धरला तर ती बुजते आणि तेथे जंतुसंसर्गाचे भय वर्षानुवर्षे राहते. म्हणून सरसकट सर्वांना ती करीत नाहीत.

आईची जोडशस्त्रक्रिया झाली. दाब आता १४ आहे, थेंब बंद आहेत. समोरचे अक्षर ती वाचते. नाकाकडच्या बाजूचे मात्र तिला दिसत नाही, ते त्या दिरंगाईत गेले.

हा विकार रक्ताच्या नात्यात आढळतो, म्हणून डॉक्टरांनी मावशीला बोलाविले. आरशाच्या भिंगातून तिचा कोन पाहिला तर तोही अरुंद निघाला. तिला दुखत काहीच नव्हते. दोन्ही डोळ्यांत लेसरने छिद्रे पाडून ती त्याच दिवशी घरी गेली. आमची स्वतःची तपासणी पुढच्या शनिवारी आहे.