साबूदाणा, शेंगदाणे आणि बिलांचा हिशेब

अंधेरी-मुलुंडकडचा जुना वाणी साबूदाणा मोजता मोजताच ‘दाणे किती देऊ?’ असे विचारी. गिऱ्हाइकाकडे उद्या उपास आहे हे त्याला ठाऊक असे. २००२ साली पवईला डीमार्टचे पहिले दुकान निघाले आणि उपनगरांत अशी दुकाने वाढत गेली. तेथे गिऱ्हाईक आपल्या हाताने माल उचलते. विचारणारे कोणी नाही. मग कोणता जिन्नस कोणाच्या सोबतीने जातो हे कळावे कसे? तर बिलांवरून.

१९९३ साली राकेश अग्रवाल, टोमाझ इमिएलिन्स्की व अरुण स्वामी यांनी याची गणिती रीत मांडली. हिशेब साधा आहे. समजा, आपल्यापुढे १,००० बिले आहेत. पाव १०० बिलांत, दूध ६०० बिलांत आणि दोन्ही मिळून ६६ बिलांत आहेत. म्हणजे पाव घेणाऱ्या शंभरांपैकी सहासष्टांनी दूध घेतले! दुकानदार हुरळून जाईल. पण दूध तसेही शंभरांत साठ जण नेतातच. पावाचा संबंध नसता तरी साठ बिले जुळली असती. जुळली सहासष्ट, म्हणजे अवघी १.१ पट. आता साबूदाणा ५० बिलांत, शेंगदाणे १०० बिलांत, दोन्ही ३० बिलांत असे धरू. शेकडा साठच, म्हणजे आधीपेक्षा कमी. परंतु योगायोगाने जुळती पाचच. येथे सहा पट जुळली. खरी सोबत ही. नुसत्या शेकडेवारीने अशी फसगत होते, हे सर्गेई ब्रिन (हेच पुढे गूगलचे एक संस्थापक झाले) व राजीव मोटवानी यांनी सहकाऱ्यांसह १९९७ साली दाखवले.

आमच्या मते याहून मोठी फसगत पगाराच्या आठवड्यात होते. महिन्याचे सामान भरताना डाळीपासून साबणापर्यंत सारे एकाच बिलावर येते. अशी लांब बिले चिल्लर बिलांत मिसळली, की हळद आणि फिनेलचेही गूळपीठ दिसू लागते! लांब बिले वेगळी काढूनच मोजणी करावी.

आणि सोबत म्हणजे कारण नव्हे. दाणे स्वस्त केले म्हणून साबूदाणा अधिक खपेलच असे नाही; दोन्ही खपवते ती एकादशी, आणि ती बिलावर छापलेली नसते. तारीख मात्र असते. पंचांग शेजारी ठेवून ती बिले वाचली, तर आषाढीला किती पोती आगाऊ मागवावीत याचा अंदाज दुकानदाराला बांधता येतो.